रस्त्यापलीकडचं ट्विकनहॅम

लंडनच्या नैर्ऋत्येला ट्विकनहॅम नावाचं उपनगर आहे. तिथून चर्टसी रोड हा वर्दळीचा मोठा रस्ता जातो. त्याच्या एका अंगाला इंग्लंडच्या रग्बीचं मुख्य मैदान आहे, ८२ हजार माणसं बसतील एवढं. दुसऱ्या अंगाला हार्लेक्विन्स क्लबचं स्टूप, जेमतेम पंधरा हजारांचं. ५ सप्टेंबर २०१० रोजी महिला रग्बी विश्वचषकाची फायनल झाली ती या धाकट्या मैदानावर. १३,२५३ प्रेक्षक आले आणि त्या काळात ही गर्दी मोठी मानली गेली. यजमान इंग्लंडच्या फायनलसाठी समोरचं मैदान उघडावं, असं कुणा अधिकाऱ्याच्या मनात आलं असेलही. पण ते उघडलं गेलं नाही.

त्या दिवशी इंग्लंडच्या संघात एमिली स्कॅरट नावाची वीस वर्षांची मुलगी सेंटरला, म्हणजे मागच्या फळीतल्या मधल्या जागेवर, खेळत होती. पुढे ती इंग्लंडकडून ११९ कसोटी सामने खेळली आणि तिने ७५४ गुण केले. इंग्लंडच्या कोणत्याही महिला खेळाडूला एवढे गुण करता आलेले नाहीत. तिच्याबद्दल कुठेही लिहून आलं की हेच आकडे पुढे येतात, आणि ते यायलाही हवेत. पण मला तिची कारकीर्द महत्त्वाची वाटते ती आणखी एका कारणासाठी. महिला विश्वचषकाच्या फायनलला तो रस्ता ओलांडायला पंधरा वर्षं लागली, आणि त्या पंधरा वर्षांतला बहुतेक प्रत्येक टप्पा या एका खेळाडूच्या अंगावरून गेला. नोकरी सांभाळून खेळण्याचे दिवस, पहिला करार, तो हातातून जाणं, पुन्हा करार, जिंकलेल्या आणि हरलेल्या फायनली, मोडलेला पाय, मानेवरची शस्त्रक्रिया. हा इतिहास सांगायचा तर तिच्याच वाटेने जाणं सोयीचं आहे.

पण सुरुवात तिच्या जन्माच्या वेळेपासून करावी लागते, कारण तिला मिळालेली वाट आधी दुसऱ्या बायकांनी पाडलेली होती. स्कॅरटचा जन्म फेब्रुवारी १९९० चा. ती सव्वा वर्षाचीही नव्हती तेव्हा, एप्रिल १९९१ मध्ये, वेल्समध्ये महिला रग्बीचा पहिला विश्वचषक झाला. तो कुठल्याही आंतरराष्ट्रीय संघटनेने भरवलेला नव्हता. रिचमंड क्लबच्या डेबोरा ग्रिफिन, स्यू डॉरिंग्टन, ॲलिस कूपर आणि मेरी फोर्सिथ या चौघींनी तो आपल्या खांद्यावर घेतला होता. खेळाचं नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय बोर्डाने त्याला मान्यता दिली नव्हती. तरीही बारा देशांचे संघ आले. सोव्हिएत संघाच्या मुलींना देशाबाहेर परकीय चलन आणता येत नव्हतं, म्हणून त्या व्होडका आणि लाकडी बाहुल्या सोबत घेऊन आल्या, विकून खर्च भागवायला. डॉरिंग्टन तर आयोजनही करत होती आणि इंग्लंडच्या संघात खेळतही होती. कार्डिफ आर्म्स पार्कवरच्या फायनलमध्ये अमेरिकेने इंग्लंडला १९-६ असं हरवलं. तीन वर्षांनी, १९९४ मध्ये, नेदरलँड्सने ऐन वेळी अंग काढून घेतल्यावर स्पर्धा स्कॉटलंडमध्ये भरली आणि इंग्लंडने अमेरिकेची परतफेड केली, ३८-२३. बोर्डाने विश्वचषकाला आपलं म्हटलं ते १९९८ मध्ये. तिथून पुढे न्यूझीलंडचं राज्य सुरू झालं. १९९८, २००२, २००६. शेवटच्या दोन्ही वेळी फायनलमध्ये हरणारा संघ इंग्लंड होता.

स्कॅरट लेस्टरशरमधल्या शेतकरी घरातली. पाच वर्षांची असताना ती लेस्टर फॉरेस्ट क्लबच्या लहान मुलांच्या संघात मुलांबरोबर खेळायला लागली. इंग्लंडमध्ये त्या वयात मुलगे-मुली एकत्र खेळतात. थोडी मोठी झाल्यावर मुलींना वेगळा संघ शोधावा लागतो, आणि पुष्कळ मुलींचा खेळ तिथेच सुटतो. तिचा सुटला नाही. उलट हातात इतके खेळ होते की निवड करायची वेळ आली. सोळाव्या वर्षी तिला अमेरिकेतून बास्केटबॉलसाठी शिष्यवृत्ती देऊ केली गेली होती. ती न घेता ती रग्बीत राहिली. २००८ मध्ये अमेरिकेविरुद्ध तिने इंग्लंडकडून पदार्पण केलं, आणि पहिल्या बारा सामन्यांत बारा ट्राय केले. सेंटरच्या जागेवर खेळणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने असं सुरू केल्यावर निवड समितीला पुढची पुष्कळ वर्षं त्या जागेसाठी फार शोधाशोध करावी लागली नाही.

आपल्याकडे रग्बी मोजक्या शहरांत खेळलं जातं. पंधरा जणींच्या रग्बीत भारतीय महिलांनी पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो २०१८ मध्ये, सिंगापूरविरुद्ध, पुण्याच्या वाहबीझ भरुचाच्या नेतृत्वाखाली. तेव्हा खेळाबद्दल दोन शब्द सांगितलेले बरे. चेंडू अंडाकृती. तो हाताने पुढे फेकता येत नाही. पास द्यायचा तो मागे किंवा आडवा, आणि पुढे जायचं ते धावून किंवा चेंडू लाथेने मारून. समोरचे अडवतात ते कबड्डीतल्या पकडीसारखं अंगाने, फक्त खांद्याच्या खाली. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे पाच गुण. ट्रायनंतर एक किक मिळते, ती दोन खांबांमधून, आडव्या दांड्यावरून गेली की आणखी दोन गुण. समोरच्यांनी नियम मोडला तर पेनल्टीची किक, तिचे तीन. खांबांमधलं अंतर ५.६ मीटर, दांडा जमिनीपासून ३ मीटर उंच.

या किकांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण स्कॅरटच्या ७५४ गुणांतला मोठा वाटा तिथून आलेला आहे. ट्राय जिथे टेकवला असेल त्याच्या सरळ रेषेत मागे येऊन किक मारायची असते. म्हणजे विंगवरच्या खेळाडूने कोपऱ्यात ट्राय केला की किक मारणारीच्या वाट्याला तो अवघड कोन येतो. ट्राय करणारी मैत्रिणींच्या मिठीत असते, आणि किक मारणारी एकटी मागे चालत जाते. प्लास्टिकच्या टीवर चेंडू उभा करायचा, ठरलेली पावलं मागे जायची, श्वास सावरायचा. आता या सगळ्याला घड्याळ लावलेलं आहे: ट्रायनंतरची किक असो वा पेनल्टी, साठ सेकंद. चौदा जणी काही करू शकत नाहीत. पंधरा जणींच्या, अंगाला अंग घासणाऱ्या या खेळात एवढं एकटेपण दुसऱ्या कुठल्याच कामात नाही. स्कॅरट हे काम करायची तेव्हा ती मिनिटाभरापूर्वी कुणाला तरी टॅकल करून उठलेली असायची. धाप आवरून, चिखलाचे हात पुसून तीच पुन्हा टीकडे जायची. पुष्कळ संघांत किकांची जबाबदारी फ्लाय-हाफकडे, म्हणजे चाली ठरवणाऱ्या खेळाडूकडे, असते. सेंटरला धावायचं, धडकायचं, अडवायचं काम अधिक. ती दोन्ही करत होती, आणि इतकी वर्षं करत होती.

२०१० च्या फायनलमध्ये मात्र किका तिच्याकडे नव्हत्या, केटी मॅक्लीनकडे होत्या. न्यूझीलंडच्या तीन खेळाडूंना त्या सामन्यात पिवळं कार्ड मिळालं. वेगवेगळ्या वेळी त्या दहा-दहा मिनिटं बाहेर बसल्या. इंग्लंडला त्याचा फायदा घेता आला नाही. शार्लट बारसच्या ट्रायने बरोबरी साधली, १०-१०. मग केली ब्रेझियरने एक पेनल्टी मारली आणि तेवढ्यावर सामना संपला, १३-१०. इंग्लंड सलग तिसरी फायनल हरलं होतं, तिन्ही वेळा त्याच संघाकडून. स्पर्धा संपल्यावर खेळाडू आपापल्या नोकरीवर आणि कॉलेजात परतल्या.

तेव्हाच्या इंग्लंडच्या संघाकडे आज पाहिलं की मन भरून येतं. केटी मॅक्लीन सन्डरलंडमध्ये प्राथमिक शाळेत शिकवायची. सोफी हेमिंग जनावरांची डॉक्टर. मार्ली पॅकर प्लंबर. स्कॅरटने लीड्सला क्रीडाविज्ञानाचं शिक्षण घेतलं आणि पुढे शाळेत शारीरिक शिक्षणाच्या विभागात काम केलं. सराव कामाच्या आधी किंवा कामानंतर. दौऱ्यासाठी रजा मागायची. ज्या खेळात अंगावर ऐंशी किलोची माणसं आदळतात, तो खेळून दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात उभं राहायचं. हे सगळं त्यांनी तक्रारीशिवाय केलं असं मी म्हणणार नाही, तक्रार करणं त्यांच्या हक्काचं होतं. पण केलं.

२०१४ चा विश्वचषक फ्रान्समध्ये. साखळीत आयर्लंडने न्यूझीलंडला १७-१४ असं हरवून सगळ्यांना चकित केलं, आणि चार वेळचा विजेता उपांत्य फेरीच्या आधीच बाहेर पडला. इंग्लंडने साखळीत कॅनडाशी १३-१३ अशी बरोबरी केली होती. उपांत्य सामन्यात त्यांनी त्याच आयर्लंडला ४०-७ असं नेस्तनाबूत केलं. १७ ऑगस्टला पॅरिसच्या ज्याँ-ब्वाँ मैदानावर फायनलला समोर पुन्हा कॅनडा. किका आता स्कॅरटकडे होत्या. डॅनिएल वॉटरमनच्या ट्रायने आणि स्कॅरटच्या पेनल्टींनी इंग्लंड मध्यंतराला ११-३ असं पुढे होतं. पण कॅनडाची मगाली हार्वी एकामागून एक पेनल्टी मारत अंतर कापत राहिली. शेवटच्या टप्प्यात धावफलकावर १४-९ होते. एका ट्रायचं अंतर. इंग्लंडच्या वीस वर्षांच्या हुलकावणीचा सगळा भार त्या पाच गुणांवर.

सामन्याची सहा-सात मिनिटं उरली असताना स्कॅरटने चेंडू घेतला आणि कॅनडाच्या बचावातून आरपार जाऊन ट्राय टेकवला. मग टी घेऊन मागे गेली आणि तोही किक मारून पुरा केला. २१-९. त्या २१ गुणांतले १६ तिचे होते: एक ट्राय, त्यावरची किक आणि तीन पेनल्टी. स्पर्धेत तिचे ७० गुण झाले, सगळ्यांत जास्त. १९९४ नंतर इंग्लंड पहिल्यांदा जगज्जेतं झालं. त्या वर्षाअखेरीस बीबीसीने त्यांना वर्षातला सर्वोत्तम संघ म्हणून गौरवलं. 

इथून पुढचा इतिहास सरळ चढणीचा असायला हवा होता. तो तसा नाही. त्याच वर्षी इंग्लंडच्या संघटनेने वीस खेळाडूंना करार दिले, महिला रग्बीतले तिथले पहिले. पण ते सात जणींच्या रग्बीसाठी होते. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सेव्हन्सचा समावेश झाला होता, आणि पदकाच्या आशेने पैसा तिकडे वळला. सेव्हन्स म्हणजे त्याच मोठ्या मैदानावर सात-सात खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. बहुतेक सगळं वेगावर चालतं. पंधरांच्या संघातल्या चांगल्या मुली तिकडे गेल्या. जगज्जेतं इंग्लंड २०१५ च्या सिक्स नेशन्समध्ये, म्हणजे इंग्लंड, फ्रान्स, आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि इटलीच्या दर वर्षीच्या स्पर्धेत, चौथं आलं. स्कॅरटने शाळेतली नोकरी सोडली आणि पहिल्यांदाच फक्त खेळण्यासाठी पगार घेतला.

रिओत ती ब्रिटनच्या संघाची कर्णधार होती. ब्राझील, जपान, कॅनडा अशा तिन्ही साखळी सामन्यांत विजय. कॅनडाला तर २२-० असं हरवलेलं. उपांत्यपूर्व फेरीत फिजीवर २६-७. उपांत्य फेरीत न्यूझीलंडने २५-७ असं थांबवलं. कांस्यपदकाच्या सामन्यात समोर तोच कॅनडा, आणि या वेळी ३३-१० असा कॅनडाचा विजय. आदल्याच दिवशी शून्यावर ठेवलेल्या संघाकडून पदक गमावणं ही सेव्हन्समधली क्रूर गोष्ट. ब्रिटन चौथा.

मग पंधरांच्या खेळाकडे परत. आयर्लंडमधल्या २०१७ च्या विश्वचषकासाठी संघटनेने खेळाडूंना पंधरांचे करार दिले. आणि स्पर्धा तोंडावर असताना बातमी आली की विश्वचषक संपल्यावर ते करार पुढे चालू राहणार नाहीत, पैसा पुन्हा सेव्हन्सकडे जाईल. विश्वविजेतेपद राखायला निघालेल्या संघाला जाण्याआधीच सांगितलं जात होतं की जिंका किंवा हरा, नोकरी शोधायला लागा. हा निर्णय चुकीचा होता. पैशाची चणचण असेल, प्राधान्यक्रम असतील, पण जो संघ वीस वर्षांनी करंडक घेऊन आला त्याच्याशी असं वागायचं नसतं. त्या वेळी इंग्लंडमध्ये त्याविरुद्ध बराच आवाज उठला, खासदारही बोलले.

२६ ऑगस्ट २०१७, बेलफास्ट. १७,११५ प्रेक्षक. इंग्लंडविरुद्ध न्यूझीलंड. मध्यंतराला इंग्लंड १७-१० असं पुढे होतं. दुसऱ्या अर्ध्यात न्यूझीलंडची आघाडीच्या फळीतली प्रॉप टोका नाटुआ थांबेचना; तिने त्या सामन्यात तीन ट्राय केले. दोन्ही संघांनी इतकं मोकळं, धावतं रग्बी खेळलं की ज्यांनी तोपर्यंत महिला रग्बी पाहिलं नव्हतं त्यांनाही त्यात काय आहे ते कळलं. शेवटी ४१-३२. स्कॅरटच्या वाट्याला न्यूझीलंडकडून दुसरी हरलेली फायनल आली.

त्या फायनलचा परिणाम मात्र झाला. ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर तो सामना लाखोंनी पाहिला होता, आणि संघटनेला आपली भूमिका फार काळ धरून ठेवता आली नाही. जानेवारी २०१९ पासून इंग्लंडच्या २८ खेळाडूंना पंधरांसाठी पूर्णवेळ करार मिळाले. जगात तसं करणारा इंग्लंड पहिला देश. स्कॅरट त्या यादीत होती. पदार्पणाला दहा वर्षं उलटून गेली होती. तिच्या पिढीतल्या कितीतरी जणी तोपर्यंत निवृत्त झाल्या होत्या. पॅरिसमध्ये जिंकलेल्या संघातल्या पुष्कळ जणींना या पगाराचा एक रुपयाही मिळाला नाही. या खेळावर कुणाचं ऋण आहे हे विचारलं तर मी त्यांची नावं आधी घेईन.

पूर्णवेळ सराव सुरू झाल्यावर इंग्लंडचा संघ बदलून गेला. स्क्रम आणि मॉलची ताकद, म्हणजे आठ-नऊ जणींनी एकमेकींना घट्ट धरून चेंडू पुढे ढकलत नेणं, इतकी वाढली की समोरच्यांना तोड सापडेना. २०१९ चा जगातली सर्वोत्तम खेळाडू हा किताब स्कॅरटला मिळाला. ती आता मुलगी राहिली नव्हती. एकोणतीस वर्षांची, कर्णधारपदाची सवय असलेली, डोकं शांत ठेवणारी सेंटर होती. त्या शांतपणाचा पुरावा हवा असेल तर २१ नोव्हेंबर २०२० चा सामना घ्यावा. कोविडमुळे ट्विकनहॅम रिकामं. फ्रान्सविरुद्ध इंग्लंड बराच वेळ पिछाडीवर. हळूहळू अंतर कमी करत शेवटच्या क्षणी पेनल्टी मिळाली. ८२ हजार खुर्च्यांसमोर, एकही प्रेक्षक नसताना, स्कॅरटने ती मारली. २५-२३. गर्दीच्या गोंगाटात किक मारणं अवघड म्हणतात. मला वाटतं, इतक्या मोठ्या शांततेतही ते तितकंच अवघड असावं.

विश्वचषक २०२१ मध्ये व्हायचा होता, कोविडने तो एक वर्ष पुढे ढकलला. मध्यंतरी लफबरो लाइटनिंग या आपल्या क्लबकडून खेळताना तिचा पाय मोडला. २०२२ च्या सिक्स नेशन्समध्ये ती परतली आणि त्याच मोसमात तिने शंभरावा कसोटी सामना खेळला. ऑक्टोबरात इंग्लंड न्यूझीलंडला पोहोचलं तेव्हा सलग विजयांची मालिका पंचविशी गाठत होती. एकापाठोपाठ एक संघ पडत गेले. उपांत्य सामन्यात कॅनडाने घाम काढला. दोन्ही संघांचे ट्राय तीन-तीन. २६-१९ हा फरक पडला तो किकांमुळे. सलग विजय तीस झाले.

आणि मग १२ नोव्हेंबर २०२२. ऑकलंडचं ईडन पार्क, ४२,५७९ प्रेक्षक. महिला रग्बीचा सामना बघायला एवढी माणसं तोपर्यंत कधी जमली नव्हती. इंग्लंडने पहिल्या पंधरा मिनिटांतच १४-० अशी आघाडी घेतली. अठराव्या मिनिटाला लिडिया थॉम्पसनचं टॅकल उंच गेलं, तिचं डोकं पोर्शिया वुडमनच्या डोक्यावर आदळलं. लाल कार्ड. राहिलेला तासाभराचा खेळ इंग्लंडला चौदा जणींनी खेळायचा होता. त्यांनी तो विलक्षण खेळला. एमी कोकेनने मॉलच्या जोरावर तीन ट्राय केले. आघाडी इकडून तिकडे जात राहिली. एकाहत्तराव्या मिनिटाला आयेशा लेती-इइगाने ट्राय केला आणि न्यूझीलंड ३४-३१ असं पुढे गेलं.

घड्याळ संपत आलं तेव्हा इंग्लंडला पेनल्टी मिळाली. तीन गुण घेतले असते तर बरोबरी झाली असती आणि जादा वेळ. इंग्लंडने चेंडू कोपऱ्याकडे मारला आणि गोलरेषेपासून पाच मीटरवर लाइनआउट, म्हणजे बाजूच्या रेषेवरून आत फेकलेला चेंडू, घेतला. मॉल हे त्यांचं सगळ्यांत मोठं हत्यार, त्या दिवशी त्याने अनेकदा काम केलं होतं. चौदा जणींनी जादा वेळ ओढण्यापेक्षा इथेच निकाल लावावा, हा विचार मला आजही बरोबर वाटतो. चेंडू हवेत गेला. न्यूझीलंडच्या जोआना एनगान-वूने उडी मारून त्याला हात लावला आणि तो हिसकावला. संपलं. तीस विजयांनंतरचा पराभव, आणि नेमका याच दिवशी. स्कॅरटने त्या दिवशी तीन ट्रायवरच्या किका घातल्या होत्या. तिचा हा न्यूझीलंडविरुद्ध तिसरा फायनल-पराभव. तिन्हींत मिळून फरक पंधरा गुणांचा.

त्यानंतर मान. २०२३ मध्ये मानेच्या दुखापतीने तिला बाहेर बसवलं, शस्त्रक्रिया करावी लागली. रग्बीत मानेची शस्त्रक्रिया झाल्यावर तेहतीस वर्षांच्या सेंटरने परत यावं अशी अपेक्षा कुणी करत नाही. आणि ती बाहेर असतानाच तो दिवस आला. २९ एप्रिल २०२३ रोजी इंग्लंड आणि फ्रान्सच्या महिलांचा सामना ट्विकनहॅमच्या मुख्य मैदानावर झाला. पुरुषांच्या सामन्याला जोडून खेळवलेला नाही, फक्त त्यांचा. यापूर्वी इंग्लंडच्या महिला तिथे खेळल्या होत्या त्या बहुधा पुरुषांच्या सामन्यानंतर, माणसं घरी जायला निघालेली असताना. या वेळी ५८,४९८ तिकिटं त्यांच्यासाठीच खपली. इंग्लंड ३८-३३ असं जिंकलं. रस्ता ओलांडला गेला तेव्हा पंधरा वर्षं ओझं वाहिलेली खेळाडू मैदानावर नव्हती. मला त्या दिवसाच्या आनंदात ही एक गोष्ट अजून टोचते.

ती २०२४ मध्ये परतली. तोवर प्रशिक्षक जॉन मिचेल यांच्या हाताखाली नवी जोडी बसली होती, टॅटियाना हर्ड आणि मेगन जोन्स. त्यांच्या सोबत मागे वेगवान एली किलडन. किकांचं काम झोई हॅरिसनकडे गेलेलं. स्कॅरट राखीव. ज्या जागेवर तिने दशकभर कुणाला बसू दिलं नाही, तिथे बसणाऱ्या मुली तिला बघतच मोठ्या झाल्या होत्या. तिने संघ सोडला नाही, रुसली नाही. सरावात जोन्स आणि हर्डला समोरच्या संघाच्या चाली करून दाखवणं हेही आता तिचं काम होतं.

२०२५ चा विश्वचषक इंग्लंडमध्ये. २२ ऑगस्टला सन्डरलंडच्या फुटबॉल मैदानावर ४२,७२३ लोकांसमोर पहिला सामना, समोर अमेरिका. इंग्लंडने ६९-७ असा विजय मिळवला. स्कॅरट राखीवमधून मैदानात उतरली आणि पाच विश्वचषक खेळणारी इंग्लंडची पहिली खेळाडू झाली. सतरा वर्षांपूर्वी तिचं पदार्पणही अमेरिकेविरुद्धच झालं होतं.

२७ सप्टेंबरला फायनल, ट्विकनहॅमच्या मुख्य मैदानावर. आता त्याचं नाव अलियान्झ स्टेडियम. ८१,८८५ प्रेक्षक. २०१० मध्ये ज्यांना समोरच्या मैदानावर पंधरा हजार जागा पुरेशा वाटल्या होत्या, त्यांच्या हिशेबाला याहून सरळ उत्तर नाही. इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या अध्यक्षपदी त्या वर्षी पहिल्यांदा एक महिला आली होती: डेबोरा ग्रिफिन. तीच, १९९१ मध्ये कुणाच्याही परवानगीशिवाय बारा देशांना वेल्समध्ये बोलावणारी. त्या चौघींपैकी एकीला हा दिवस त्या पदावरून बघायला मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे.

सामना कॅनडाशी होता. कॅनडाने सुरुवातीला ट्राय केला, पण मग किलडनने अर्ध्या मैदानातून वळणं घेत धाव मारली आणि सामन्याचा कल फिरला. कोकेन, ॲलेक्स मॅथ्यूजचे दोन, ॲबी वॉर्ड. पाच ट्राय, हॅरिसनच्या चार किका, ३३-१३. इंग्लंडचा तिसरा विश्वचषक. स्कॅरट त्या तेवीस जणींत नव्हती. खेळण्याचे कपडे घालून ती उतरली नाही, तरी संघाची होती, आणि दुसऱ्यांदा विश्वविजेती झाली. एका विश्वचषकात १६ गुणांनी फायनल जिंकून दिली, दुसऱ्यात फायनलचा एकही मिनिट खेळली नाही. खेळाडूच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टींचं वजन सारखं नसतं, आणि ते तसं असल्याचं भासवण्यातही अर्थ नाही. पण २०२५ चा संघ ज्या सवयींवर उभा होता, सराव कसा करायचा, हरल्यावर दुसऱ्या दिवशी कसं उठायचं, त्यांतल्या पुष्कळ सवयी तिच्या काळात लागलेल्या होत्या.

ऑक्टोबरमध्ये तिने निवृत्ती जाहीर केली. सिक्स नेशन्सची अकरा विजेतेपदं, दोन विश्वचषक, ११९ सामने, ७५४ गुण. ती आता लफबरो लाइटनिंगमध्ये प्रशिक्षकाच्या कामाला लागली आहे. पुढचा विश्वचषक २०२९ मध्ये ऑस्ट्रेलियात आहे, आणि तिथे खेळणाऱ्या इंग्लंडच्या मुली शाळेतून बाहेर पडताच थेट करारावर सही करणाऱ्या असतील. रजा मागून विश्वचषक खेळायचा म्हणजे काय, हे त्यांना तिला विचारावं लागेल.